ट्रेनर विमानाचा पंख आणि लँडिंग गिअर: कोरड्या जुळणीपासून मैदानापर्यंत

इथली सगळी मापं रिमोटवर उडणाऱ्या ४० साइजच्या, पंख बॉडीच्या वर असलेल्या ट्रेनरसाठी, म्हणजे शिकाऊ मॉडेल विमानासाठी आहेत; ४० साइज हे नाव इंजिनाच्या आकारावरून पडलेलं. पंखाचा पूर्ण विस्तार साधारण १५५० मिमी, रुंदी २८० ते २९० मिमी, बॅटरीसकट वजन सव्वादोन ते अडीच किलो, सांगाडा बाल्सा आणि प्लायवुडचा, वर प्लॅस्टिकची पातळ फिल्म आधीच चढवलेली. एआरएफ म्हणून जवळपास तयार किट मिळतं, ते हेच. तुमच्या किटच्या कागदावर वेगळं माप असेल तर तेच पाळा. क्रम आणि तपासण्या मात्र इथल्या ठेवा, कारण किटचे कागद नेमकं त्याबाबतीत फार थोडक्यात आटोपतात.

जोडणीभर एकच गोष्ट डोक्यात ठेवायची: पंख अजिबात हलता कामा नये आणि लँडिंग गिअर (चाकं आणि त्यांचे पाय) थोडा हललाच पाहिजे. पंखाच्या सांध्यात अर्धा मिलिमीटर खेळ राहिला तरी प्रत्येक वळणावर तो वाढत जातो आणि शेवटी सांधा उघडतो. गिअरचं उलट आहे. तो अती घट्ट, गोंदाने बांधून टाकला तर लँडिंगचा धक्का तारेत जिरत नाही, थेट बॉडीच्या प्लायवुडमध्ये जातो आणि गिअर वाचून बॉडी फाटते. म्हणून पंखाला हळू सुकणारा गोंद आणि पूर्ण रात्र. गिअरला मात्र नुसते बोल्ट.

एकसंध पंख की दोन तुकडे

हे खरेदीच्या वेळीच ठरवा. किटमध्ये प्लायवुडचा जॉइनर (दोन अर्ध्यांना आतून जोडणारी पट्टी) असेल तर पंखाचे दोन अर्धे कायमचे चिकटतात. ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची नळी असेल तर ते मैदानावर जोडता-सोडवता येतात. मुंबईत दीड मीटरचा एकसंध पंख ही खरी अडचण आहे. तो रिक्षात आडवा बसत नाही, गर्दीच्या लोकलमध्ये त्याला कुणाचा तरी खांदा लागणारच, आणि वन बीएचकेमध्ये माळ्यावर ठेवला तर त्यावर दुसरं काही ठेवायचं नाही हे सगळ्या घराला पटवावं लागतं. गाडीने जाणार असाल तर एकसंध घ्या, तो हलका आणि भरवशाचा. लोकलने जाणार असाल तर नळीवालाच घ्या. पाऊण मीटरचे दोन तुकडे पुठ्ठ्याच्या खोक्यात उभे मावतात.

नळीवाल्या पंखाबद्दल दोनच गोष्टी. नळी हाताने सरकली पाहिजे, पण स्वतःच्या वजनाने घसरता कामा नये. सैल वाटली तर तिच्यावर पातळ सेलोटेपचा एक वेढा द्या. आणि मागच्या कडेजवळची छोटी पिन विसरू नका. ती नसेल तर दोन्ही अर्धे नळीभोवती वेगवेगळ्या कोनात फिरतात आणि विमान एका बाजूला कलंडत राहतं. पुढचं चिकटवणीचं वर्णन एकसंध पंखासाठी आहे.

सामान

सांध्यासाठी साधं, हळू सुकणारं अरल्डाइट किंवा ३० मिनिटांचं एपॉक्सी, सुमारे २० ग्रॅम. पाच मिनिटांचं एपॉक्सी इथे वापरू नका: ते ठिसूळ असतं आणि पंख सरळ आहे का हे बघेपर्यंत घट्ट होतं. ५० मिमी रुंद फायबरग्लास पट्टी, ६०० मिमी लांब. बिजागऱ्यांसाठी फेविक्विकसारखा पातळ इन्स्टंट गोंद, तीन-चार छोट्या ट्यूब आणि बारीक तोंडाची नळी. निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (स्क्रू थरथरीने सैल होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचा गोंद). पुसायला स्पिरिट आणि जुनी सुती चिंधी. शिवाय १२० आणि २४० नंबरचा पॉलिश पेपर, नवी ब्लेडं, मास्किंग टेप, गुण्या, बारीक सपाट कानस, २ आणि ५ मिमीची ड्रिल, एम६ चा टॅप, एलन कीचा संच.

बोल्ट, टॅप, ड्रिल आणि नायलॉक नटांसाठी नागदेवी स्ट्रीटवर एक फेरी मारली की काम होतं. सर्व्होच्या (पंखाचे आणि शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या) एक्स्टेन्शन वायर आणि हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) लॅमिंग्टन रोडला मिळतात. किटमधले स्क्रू बहुतेक वेळा मऊ असतात, डोकं लगेच घासतं. लँडिंग गिअरचे आणि सर्व्होचे बोल्ट-स्क्रू तरी बदलाच.

कोरडी जुळणी

गोंदाची ट्यूब उघडण्याआधी सगळं कोरडं जुळवून बघायचं. त्यासाठी घरातली सर्वात सपाट जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. जेवणाचं टेबल सहसा मध्ये किंचित बसलेलं असतं.

जॉइनरवर मधोमध पेन्सिलीने उभी रेघ मारा. तो एका अर्ध्यात घाला; रेघेपर्यंत आत जाऊन थांबला पाहिजे. आधीच अडकला तर आत खाचेत वाळलेला गोंद आहे का ते टॉर्चने बघा आणि जॉइनरच्या कडा पॉलिश पेपरने किंचित घासा. हातोडीने ठोकू नका, आतल्या फासळ्या फुटल्या तरी बाहेरून दिसत नाहीत. जॉइनर खडखडत असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लाय किंवा कार्डशीट चिकटवून जाडी वाढवा. फट नुसत्या एपॉक्सीने भरली तर त्या जागी ताकद येत नाही.

मग दुसरा अर्धा बसवा. मुळाच्या दोन फासळ्या पूर्ण आकारात एकमेकींना टेकल्या पाहिजेत, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत. वर टेकतात आणि खाली फट राहते, असं दिसलं तर फासळीचा कोन चुकलेला आहे. सपाट लाकडी ठोकळ्यावर १२० नंबरचा पेपर लावून दोन्ही बाजूंनी सारखं घासा, एकाच बाजूने नाही. मागच्या कडा एकमेकींच्या वर-खाली येत असतील तर तेही इथेच सुधारायचं. हा एक मिलिमीटरचा फरक राहिला तर दोन्ही पंखांचा कोन वेगळा होतो, आणि तो पुढे रिमोटवरच्या कुठल्याही ट्रिमने (बारीक दुरुस्तीने) पूर्ण जात नाही.

आता डायहेड्रल, म्हणजे पंखाची टोकं मधल्या भागापेक्षा वर उचललेली असतात तो कोन. एक अर्धा ओट्यावर सपाट ठेवा, दुसऱ्याचं टोक ओट्यापासून किती उचललं जातं ते मोजा. प्रत्येक बाजूला ३ अंश असेल तर मधला कोन ६ अंशांचा होतो आणि ७७५ मिमीच्या अर्ध्याचं टोक साधारण ८१ मिमी वर येतं. मग बाजू बदलून तेच मोजा. दोन्ही वेळा आकडा सारखा आला पाहिजे. नाही आला तर एका अर्ध्याला पीळ आहे. पीळ फिल्मने आलेला असतो आणि फिल्मनेच जातो: एकाने पंख उलट दिशेला किंचित जास्त पिळून धरायचा, दुसऱ्याने हीट गनने वरची-खालची फिल्म तापवायची, आणि थंड होईपर्यंत हात सोडायचा नाही. हे चिकटवण्याआधी करणं फार सोपं जातं.

चिकटवणी

जिथे एपॉक्सी लागणार तिथे फिल्म नको, कारण गोंद फिल्मला धरतो, लाकडाला नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना २५ मिमी फिल्म काढायची. ब्लेड नवीन हवं आणि हात अगदी हलका. फिल्मखालच्या बाल्सावर ब्लेडची रेघ उमटली तर पंख पुढे नेमका त्या रेघेवर मोडतो. त्यापेक्षा सोल्डरिंग आयर्नच्या बारीक टोकाने फिल्म वितळवत न्या. लाकूड शाबूत राहतं आणि कडही स्वच्छ येते. शेपटी बसवतानाही हेच, तिथला बाल्सा तर आणखी पातळ असतो.

एपॉक्सीचे दोन्ही भाग सारखे घ्या, पूर्ण एक मिनिट घोटा, कडेला न मिसळलेलं राहू देऊ नका. मे महिन्यात मुंबईच्या घरात ३० मिनिटांचं एपॉक्सी पंधरा-वीस मिनिटांतच जड होतं. वाटीत गोळा करून ठेवलं तर स्वतःच्या उष्णतेने आणखी लवकर. म्हणून पत्र्यावर किंवा टाइलच्या तुकड्यावर पसरून ठेवा, नाहीतर सरळ हळू सुकणारं वापरा.

एका अर्ध्याच्या खाचेत आईस्क्रीमच्या काडीने आत खोलवर एपॉक्सी लावा, जॉइनरच्या अर्ध्या भागाला लावा, मग घाला. नुसतं जॉइनरला लावलं तर आत जाताना सगळं पुसून बाहेर येतं आणि खाच कोरडी राहते. पंखाचे सांधे उघडतात त्यात हे कारण फार वेळा सापडतं. मग दुसरी बाजू, आणि दोन्ही फासळ्यांवर पातळ थर. दाबून आणा, बाहेर आलेलं स्पिरिटने लगेच पुसा, वर-खाली आणि पुढच्या-मागच्या कडेला मास्किंग टेपच्या ताणलेल्या पट्ट्या. एक अर्धा ओट्यावर सपाट ठेवून त्यावर डाळ-तांदळाच्या एकेक किलोच्या पिशव्या ठेवा. वजन पसरतं आणि फिल्मला खळगा पडत नाही. दुसऱ्या टोकाखाली मोजलेल्या उंचीचा ठोकळा. सकाळपर्यंत हात लावायचा नाही, म्हणजे हे काम रात्रीच्या जेवणानंतर ओटा आवरला की सुरू करावं.

दुसऱ्या दिवशी सांध्यावरून फायबरग्लासची पट्टी वर-खाली फिरवून एपॉक्सीने पातळ बसवा. जुन्या एटीएम कार्डाने जादा एपॉक्सी ओढून काढा. विणकाम दिसत राहील इतकाच थर हवा, त्याहून जाड थर म्हणजे नुसतं वजन.

एलेरॉन

एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा, विमान कलवणारा हलता भाग. त्याच्या बिजागऱ्या चपट्या, कापडी प्रकारच्या असतात, एका बाजूला तीन किंवा चार. प्रत्येकीच्या मधोमध टाचणी खुपसा म्हणजे अर्धी पंखात, अर्धी एलेरॉनमध्ये जाते. खाच जिथे आहे तिथे मधोमध २ मिमीचं, १२ मिमी खोल भोक पाडा. गोंद त्यातून आतपर्यंत झिरपतो. एलेरॉन बसवा, टाचण्या काढा, फट अर्ध्या ते एक मिलिमीटरची ठेवा. एलेरॉन पूर्ण वाकवून बिजागरी उघडी करा आणि पाच-सहा थेंब, एकेक करून. पंख उलटा करून पुन्हा पाच-सहा.

इन्स्टंट गोंद हवेतल्या ओलाव्याने पकडतो. जुलैच्या दमट दुपारी तो खाचेच्या तोंडाशीच पकडू शकतो आणि आतली बिजागरी कोरडी राहते. हे काम कोरड्या दिवशी किंवा एसीच्या खोलीत करा, ट्यूब नुकतीच उघडलेली असू द्या, आणि लवकर पकडवणारा स्प्रे अजिबात मारू नका. दहा मिनिटांनी प्रत्येक बिजागरीजवळ एलेरॉन धरून चांगला जोरात ओढा. निघायची असेल तर ती आत्ताच निघू दे.

पंखात दोन सर्व्हो असतील आणि ते एकाच वाय-लीडवर (एका चॅनलवरून दोन सर्व्हो चालवणाऱ्या दुफाटी वायरवर) चालवायचे असतील, तर ते आरशातल्या प्रतिमेसारखे एकमेकांच्या उलट बसवायचे. तरच एक एलेरॉन वर आणि दुसरा खाली जातो. दोन्ही एकाच दिशेला तोंड करून बसवले तर दोन्ही एलेरॉन एकदमच वर जातील, आणि मग दोन वेगळे चॅनल लागतील. पंखाच्या आत एक्स्टेन्शन वायरचा जोड येत असेल तर त्यावर हीट-श्रिंक चढवा. थरथरीने तो निसटला की एक एलेरॉन मेला.

सर्व्होच्या स्क्रूसाठी भोकं पाडा, स्क्रू एकदा फिरवून बाहेर काढा, भोकात पातळ गोंदाचा एक थेंब, पूर्ण वाळल्यावर पुन्हा स्क्रू. मऊ लाकडात आटे असेच टिकतात. रबरी ग्रोमेटमध्ये पितळी नळी खालून घालायची, तिची रुंद कड लाकडाकडे.

कंट्रोल हॉर्न म्हणजे सर्व्होकडून येणारी पुशरॉड (तारेची दांडी) एलेरॉनला जोडणारा तुकडा. त्याची भोकं बरोबर बिजागरीच्या रेषेवर आली पाहिजेत. मागे सरकली तर एलेरॉन वर आणि खाली असमान हलतो. क्लेव्हिसवर (पुशरॉडच्या टोकाच्या चिमट्यावर) सिलिकॉनची रिंग चढवा. पहिल्या उड्डाणासाठी एलेरॉनची हालचाल मागच्या कडेला १० मिमी वर, ८ मिमी खाली एवढी पुरे.

आणि दिशा. विमानाच्या मागे उभं राहून स्टिक उजवीकडे: उजवा एलेरॉन वर, डावा खाली. ही तपासणी प्रत्येक उड्डाणाआधी करायची, बॅटरी नुकतीच लावलेली असली तरी. उलट्या एलेरॉनचं विमान जमीन सोडल्यावर सावरायला एक-दोन सेकंदसुद्धा देत नाही. घरी हे सगळं जुळवताना प्रोपेलर काढून ठेवलेला असू द्या.

पंख बॉडीवर

पंख रबर बँडने बसतो किंवा बोल्टने. रबर बँडच्या पद्धतीत ६ मिमीच्या लाकडी दांड्या बॉडीतून आरपार जातात आणि दहा-बारा जाड रबर बँड लागतात, शेवटचे दोन तिरके, फुलीसारखे. मुंबईच्या उन्हात आणि दमट हवेत रबर लवकर चिरतं, दर वेळी नवे वापरा. नवख्यासाठी ही पद्धत उत्तम आहे, कारण टोक जमिनीला लागलं तर पंख सरकतो आणि वाचतो.

बोल्टच्या पद्धतीत पुढे एक दांडी आणि मागे दोन नायलॉनचे एम६ बोल्ट. स्टीलचे नकोत, अपघातात नायलॉनचा बोल्ट तुटतो म्हणून पंख तुटत नाही. भोकं पाडण्याआधी मात्र पंख बॉडीशी काटकोनात बसवावा लागतो, आणि त्यासाठी मोजपट्टीपेक्षा दोरा चांगला. शेपटीच्या अगदी मागे, बरोबर मधल्या रेषेवर टाचणी खोचा. तिला न ताणणारा सुती दोरा बांधा, नायलॉनचा नको, तो ताणला जातो. दोरा एका पंखाच्या टोकाच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत न्या आणि तिथे दोऱ्यावर मास्किंग टेपची चिमटी लावा. आता तोच दोरा दुसऱ्या टोकाकडे फिरवा. चिमटी बरोबर कोपऱ्यावर आली पाहिजे. दोन मिलिमीटरपर्यंत फरक चालेल. त्याआधी पंखाचा मध्य बॉडीच्या मध्यावर आहे ना, हे बघून घ्या, नाहीतर दोरा खोटं सांगेल.

पंख टेपने तिथेच पक्का करा, पंखाच्या भोकांतून ५ मिमीचं ड्रिल खालच्या प्लायवुडच्या पट्टीत सरळ उभं घाला, मग एम६ चा टॅप फिरवा. आट्यांवर पातळ गोंद, वाळल्यावर टॅप पुन्हा एकदा. बोल्टच्या डोक्याखाली पंखावर प्लायवुडची छोटी चकती चिकटवा, नाहीतर बोल्ट बाल्सात रुततो.

शेपटी पंखाला बघून चिकटवायची. चार मीटर मागे उभं राहून बघा: आडवी शेपटी आणि पंख समांतर दिसतात का? नसतील तर शेपटीची खाच घासा. पंख बसतो ती जागा घासून कोन बदलू नका, तिथे एका घासण्यात पंखाचा पुढचा-मागचा कोनही बिघडतो.

लँडिंग गिअर

ट्रेनरला बहुतेक तीन चाकं असतात: मागे मुख्य दोन, पुढे नाकाखाली एक वळणारं. मुख्य गिअर ॲल्युमिनियमच्या वाकवलेल्या पट्टीचा किंवा ४ मिमीच्या स्प्रिंग स्टीलच्या तारेचा.

ॲल्युमिनियमची पट्टी बॉडीखालच्या प्लायवुडला एम४ च्या बोल्टने बसते, आतून टी-नट (लाकडात रुतणारा दातेरी नट). टी-नटच्या दातांभोवती थोडं एपॉक्सी लावा, पण आट्यांना आधी व्हॅसलीन चोपडा म्हणजे गोंद आत जाणार नाही. बोल्ट आणि पट्टी यांच्यामध्ये वॉशर. आपल्याकडची मैदानं खडी आणि ढेकळांची असतात, म्हणून स्टीलऐवजी नायलॉनचे एम५ बोल्ट वापरावेत असं आमचं मत आहे. खड्ड्यात चाक अडकलं की बोल्ट तुटतात, गिअर निघून पडतो, आणि दोन मिनिटांत नवे बोल्ट घालून विमान पुन्हा तयार होतं. बॉडीतली प्लायवुडची पट्टी उखडली तर आठवडा जातो. ती पट्टी कारखान्यात किती गोंदाने बसवली आहे हे आतून बघा आणि आतल्या कोपऱ्यांत एपॉक्सी आणि बाल्साच्या त्रिकोणी पट्ट्या घाला. सगळ्या विमानात गोंद वाढवण्यासारखी हीच एक जागा.

तारेचा गिअर असेल तर तार लाकडाच्या खाचेत बसते आणि तिचं एक टोक वर लाकडात जातं. धक्का बसला की आडवा भाग पिळला जातो, स्प्रिंगचं काम तिथे होतं. म्हणून खाचेत गोंद ओतू नका, नायलॉनच्या पट्ट्या आणि स्क्रू पुरेसे आहेत. तार कापायची झाली तर पक्कड वापरू नका, तिची धार जाते. छोट्या ग्राइंडरची चकती वापरा आणि डोळ्यांवर चष्मा लावा.

मुख्य चाकांची जागा सीजीवरून, म्हणजे विमानाच्या गुरुत्वमध्यावरून ठरते. तीन चाकांच्या विमानात मुख्य चाकांचा ॲक्सल सीजीच्या १५ ते २५ मिमी मागे हवा. बॅटरीसकट विमान जमिनीवर ठेवा, शेपटी बोटाने खाली दाबा, सोडा. ते आपणहून नाकाच्या चाकावर परत आलं पाहिजे. शेपटीवरच बसून राहिलं तर चाकं फार पुढे आहेत. उलट चाकं फार मागे असतील तर पूर्ण वेग घेऊनही नाक उचलत नाही. काही ॲल्युमिनियम गिअरच्या पायांना पुढे-मागे थोडा कल असतो. तो उलटा बसवला की ही दोन्ही लक्षणं दिसतात, तेव्हा आधी गिअर फिरवून बघा. शेपटीला चाक असलेल्या विमानात हिशेब उलटा असतो: मुख्य चाकं सीजीच्या पुढे, नाहीतर प्रत्येक लँडिंगला नाक जमिनीत.

पुढच्या गिअरचा नायलॉनचा ब्रॅकेट फायरवॉलला (बॉडीच्या पुढच्या टोकाच्या प्लायवुडच्या भिंतीला) चार बोल्टने बसवा. तारेतलं वेटोळं मागच्या बाजूला आणि चाकाचा ॲक्सल वळणाच्या रेषेच्या किंचित मागे, म्हणजे चाक आपोआप सरळ येतं. स्टिअरिंगचा आर्म तारेवर ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) धरतो. गोल तारेवर स्क्रू कितीही आवळला तरी तो घसरतो. तारेवर स्क्रूच्या जागी कानशीने ४-५ मिमी लांबीचा सपाट भाग करा. तार टणक आहे, कानस सावकाश चालवा. स्क्रूचं पूर्ण तोंड टेकेल एवढा सपाटपणा आला की थांबा. मग थ्रेडलॉकरचा एक थेंब आणि स्क्रू. चाक ॲक्सलवर अडवून धरणाऱ्या कॉलरनाही हेच. थ्रेडलॉकर प्लॅस्टिकच्या चाकावर सांडू देऊ नका, काही प्लॅस्टिक त्याने तडकतं.

पुढचं चाक रडरच्या (उभ्या शेपटीच्या हलत्या भागाच्या) सर्व्होलाच जोडलेलं असतं. त्याची पुशरॉड सर्व्हो आर्मच्या सर्वात आतल्या भोकात आणि स्टिअरिंग आर्मच्या सर्वात बाहेरच्या भोकात घाला. पूर्ण रडरला चाक १० ते १५ अंश वळलं की पुरे. जास्त वळलं तर टेकऑफच्या धावेत विमान डावी-उजवीकडे नागमोडी पळतं आणि शेवटी पंखाचं टोक घासतं.

विमान जमिनीवर उभं असताना बॉडी आडवी किंवा नाक अगदी एखादा अंश वर. नाक खाली असेल तर पुढच्या चाकावरच धावत राहतं. फार वर असेल तर पुरेसा वेग येण्याआधीच उसळून उचलतं आणि स्टॉल होतं, म्हणजे पंखाची उचल सुटून खाली पडतं. उंची ब्रॅकेटमध्ये तार वर-खाली करून जुळवा.

गवतावर ७० ते ७५ मिमीची चाकं, गुळगुळीत काँक्रीटवर ६० ची चालतात. चाक आणि कॉलर यांच्यात अर्धा ते एक मिलिमीटर मोकळीक ठेवा, ॲक्सलवर तेलाचा एक थेंब. दोन्ही चाकं सरळ पुढे बघणारी किंवा किंचित आत वळलेली असावीत. बाहेर वळलेली कधीच नकोत. हे बघायला घरातल्या फरशीच्या रेषा कामाला येतात. विमान रेषेवर ठेवा, हलका धक्का द्या. तीन मीटरमध्ये रेषेपासून एका फरशीपेक्षा जास्त सरकलं तर आधी पुढचं चाक सरळ करा, मग मागची.

सीजी आणि तोल

सीजी पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर, म्हणजे २९० मिमीच्या पंखाला पुढच्या कडेपासून ७२ ते ८७ मिमी. सुरुवात ७५ वर करा. पंखाखाली दोन्ही बाजूंना टेपची खूण करून दोन बोटांवर उचला, नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. जमत नसेल तर आधी बॅटरी सरकवा, वजन शेवटी घाला. मग नाक आणि शेपटी धरून उचला. एक पंख सतत खाली जात असेल तर दुसऱ्या टोकात गळाला लावतात तसली शिशाची छोटी गोळी बसवा.

खारी हवा आणि पाऊस

उघडा बाल्सा ओलावा पितो आणि फुगतो. सर्व्होची भोकं, पंखाच्या बोल्टची जागा, गिअरची खाच, जिथे जिथे नुसतं लाकूड दिसतं तिथे पातळ एपॉक्सीचा किंवा वॉर्निशचा हात फिरवा. पावसाळ्यात एपॉक्सीवर कधी कधी चिकट, तेलकट थर येतो. पुढचा थर देण्याआधी तो कोमट पाण्याच्या कापडाने पुसा, नाहीतर वरचा थर सुटतो. स्टीलच्या तारा आणि बोल्ट समुद्राच्या हवेत महिन्याभरात गंजू लागतात, त्यांना तेलाचा हात लावून ठेवा. पंख ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. सपाट ठेवा किंवा मधोमध आधार देऊन टांगा. चार महिने एका टोकावर उभा राहिलेला पंख पिळलेला निघतो.

उडवण्याआधी

शहरात उडवायचा विचार सोडून द्या. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किमीच्या आत जमिनीपासूनच यलो झोन (परवानगीशिवाय उडवता येत नाही असा भाग) लागतो, आणि ८ ते १२ किमीमध्ये २०० फुटांच्या वर. सांताक्रूझ आणि जुहू धरले तर मुंबईचा मोठा भाग त्यात येतो. २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे उलवे-पनवेलची मैदानंही आता तपासून घ्यावी लागतात. शिवाय रिमोटवर उडणाऱ्या वस्तूंवर मुंबई पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात. सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवरचा झोनचा नकाशा बघा, जागेच्या मालकाची परवानगी घ्या, आणि समुद्राचा वारा सुटायच्या आत, सकाळीच उडवा.

पहिल्या दिवशी दर दोन लँडिंगनंतर विमान उलटं धरून बघा. कॉलरचे ग्रब स्क्रू, पुढच्या ब्रॅकेटचे बोल्ट, पंखाच्या सांध्याजवळची फिल्म. सांध्यावर फिल्मला आडवी, केसासारखी सुरकुती दिसली की दोन्ही टोकं धरून पंख हलकेच वाकवा. सुरकुती उघडत-मिटत असेल तर सांधा हलतोय, त्या दिवशी उड्डाण बंद. गिअरच्या पट्टीभोवती चीर आली असेल तर त्यात पातळ गोंद सोडून तशीच उड्डाणं चालू ठेवू नका. पट्टी पूर्ण काढा, जुना गोंद घासा आणि एपॉक्सीने नव्याने बसवा. आणि टी-नट बोल्टबरोबर फिरत असेल तर तो बदला: बाहेरून आवळल्यासारखा वाटतो, पण धरत काहीच नाही.